अव्वाची मिसरी

"शेवटची बिडी कधी ओढलीत, चौगुले?"

"बेंदराच्या दिवशी."

"नक्की?"

"बैलांच्या पुढं उभं राहून ओढली, डॉक्टर. सगळ्या गल्लीनं बघितलंय."

एरवी डॉक्टर शिरगुप्पे माझ्या बोलण्यावर हसायचे. त्या दिवशी हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढला, डोळे चोळले आणि माझ्याकडं न बघता माझ्या बायकोकडं, कस्तुरीकडं बघितलं. मला तेव्हाच अंदाज यायला पाहिजे होता.

"तपासणीत तंबाखू आलीय," ते म्हणाले. "थोडीथोडकी नाही. रोज घेणाऱ्या माणसाची येते तेवढी."

मी म्हटलं, मशीन बिघडलं असेल. ते म्हणाले, मशीन दोनदा बघितलंय.

"तुम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं मी. पोटाचा मोठा भाग कापून टाकायचा आणि उरलेल्याला शिवण घालायची. रक्तात तंबाखू असली की ती शिवण धड जुळून येत नाही. तुम्ही मागावरची माणसं, शिवण उसवणं म्हणजे काय ते मी सांगायला नको. कापड उसवलं तर परत शिवता येतं. पोट उसवलं तर माणूस हाती लागत नाही. गणपतीनंतरची तारीख मी रद्द करतोय."

डॉक्टरांनी आम्हाला जरा वेळ बाहेर बसायला सांगितलं. म्हणाले, काय खरं आहे ते आठवा आणि मग आत या, मी रागावणार नाही.

मिरजेच्या त्या दवाखान्यातली बाकडी माझ्यासारख्यांसाठी मुद्दाम रुंद करून घेतलेली होती. तरी मी बसलो की ते बाकडं कुरकुरायचं. या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. तेव्हा माझं वजन सव्वाशेच्या किती पुढं होतं ते सांगण्यात अर्थ नाही, गल्लीतल्या किराणा दुकानाच्या काट्यावर मी मावत नव्हतो एवढं पुरे. इचलकरंजीत मी मागाचा जॉबर होतो. माग बिघडला की जॉबरनं खाली शिरायचं, पाठीवर सरकत जायचं आणि काय तुटलंय ते हातानं चाचपून काढायचं. मला ते जमेनासं झालं होतं. कारखान्यातली पोरं म्हणायची, "शिवाण्णा खाली गेला तर त्याला काढायला माग उचलावा लागेल." मीही हसायचो. हसण्याशिवाय दुसरं काय करणार होतो?

पण ऑपरेशन मागासाठी नव्हतं. झोपेत माझा श्वास थांबायचा. नळीवर कुणी पाय द्यावा तसा थांबायचा, आणि मग मोठ्यानं घोरत परत सुरू व्हायचा. डॉक्टरांनी सरळ सांगितलं होतं की एखाद्या दिवशी तो परत सुरू होणार नाही. तोंडाला लावायचं एक मशीन त्यांनी दिलं होतं. ते मी झोपेत ओढून टाकायचो. वजन उतरलं पाहिजे, बाकी इलाज नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं. आणि त्यासाठी आधी बिडी सुटली पाहिजे.

बिडी सुटली कशी, ते माझं मला माहीत. मागाच्या खोलीत ओढता येत नाही, कापसाचा फुफाटा असतो सगळीकडं. म्हणून बिडीसाठी बाहेर यायचं, कडुलिंबाखाली टेकायचं, चार शब्द बोलायचे. उभ्या आयुष्यात मला विसावा म्हणून जो मिळाला तो त्या बिडीच्या निमित्तानं. बिडी सोडली तसा विसावाही गेला. बाहेर गेलो की हात रिकामे, आणि रिकाम्या हातानं उभं राहिलेल्या माणसाला मालक लगेच हाक मारतो. चिडचिड व्हायची, डोकं धरायचं, जेवण गोड लागायचं नाही, आणि सकाळी पोट साफ व्हायचं नाही. निपाणीला दिलेली आमची लेक फोनवर म्हणायची, "अप्पा, मी तंबाखूच्या गावात राहून तोंडाला लावत नाही, तुम्ही का नाही करणार?" असं बोलायला सोपं असतं.

बाकड्यावर कस्तुरी माझ्यापासून हातभर लांब बसली होती.

"बापूनं दिली?" तिनं विचारलं. बापू माझ्या शेजारच्या मागावरचा.

"कुणी दिली नाही."

"मग पानपट्टीवर गेलासा?"

"अगं, ओढलीच नाही मी."

"मग लघवीत तंबाखू काय आभाळातनं पडली?"

"तुझी शपथ घेऊन सांगतो, कस्तुरे..."

"माझी नको. माझी शपथ घेऊन घेऊन तुम्ही मला कवाच संपवलीया."

तिचा आवाज चढला नव्हता, हे मला जास्त लागलं. लग्न झाल्यापासून ती भांडली की गल्ली ऐकायची. त्या दिवशी तिच्यात भांडायचंही बळ नव्हतं. तिनं डोकं मागं भिंतीला टेकलं आणि डोळे मिटून घेतले. मला संताप आला. इतके दिवस जीव मारून काढले आणि बायकोनं माझ्यावर विश्वास ठेवू नये! मनात म्हटलं, आता बाहेर जाऊन एक ओढतोच, नाहीतरी चोर ठरलोच आहे.

उठलो असतोही. पण माझ्यासारख्या माणसाला रागानं ताडकन उठता येत नाही. हात टेकून, दम खाऊन उठेपर्यंत राग निम्मा होतो. तेवढ्यात डॉक्टरांनी परत आत बोलावलं.

"आठवलं काही?" त्यांनी विचारलं.

"आठवायला काही नाही. बिडीला हात लावलेला नाही."

मग डॉक्टरांनी वेगळ्याच सुरात विचारलं, "बिडी सोडून दुसरं काही? गुटखा? मावा?"

"नाही."

"तपकीर?"

"नाही."

"मिसरी?"

मी उत्तर द्यायच्या आत कस्तुरी म्हणाली, "मिसरी आत्ती लावतात. ह्यांची आई. ह्यांचा काय संबंध?"

खरं सांगतो, तोपर्यंत माझ्या डोक्यात ते आलंच नव्हतं. आमच्याकडं मिसरी म्हणजे दात घासायचं. तंबाखूची पानं तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, हातानं चुरायची, डबीत भरायची. सकाळी बोटावर घेऊन हिरड्यांना लावायची आणि खुशाल बसायचं. अव्वा, म्हणजे माझी आई, आणि आमच्या घरातल्या सगळ्या जुन्या बाया लावायच्या. तंबाखू खाणारा माणूस वेगळा, बिडी ओढणारा वेगळा आणि मिसरी लावणारी बाई वेगळी. तिला कुणी व्यसन म्हणत नाही.

"मी पण लावतो," मी म्हटलं. "दात घासायला."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. कस्तुरीनं मान वळवून माझ्याकडं बघितलं. मी काहीतरी वेगळ्याच भाषेत बोललो असेन, असा तिचा चेहरा झाला होता.

"कवापास्नं?"

"बिडी सोडल्यावर पोट साफ होत नव्हतं. अव्वा म्हणाली, बोटभर लाव, बरं वाटेल."

"रोज?"

"रोज सकाळी. मागच्या दारी."

कस्तुरी पहाटेपासून पुढच्या खोलीत चाकावर कांड्या भरत बसायची. मागाला लागणाऱ्या सुताच्या कांड्या. घरोघरच्या बाया तेच काम करतात. मागच्या दारी काय चाललंय, हे तिला कळणार कुठून? डॉक्टर म्हणाले, बिडी काय आणि मिसरी काय, रक्ताला दोन्ही सारखंच. दोन महिने तसलं काहीही नको, मग परत तपासू. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. पण यापुढं माझ्या तोंडच्या शब्दावर ते जाणार नव्हते, हे दिसत होतं.

एस.टी.त आम्ही नेहमीसारखे मागच्या बाकावर बसलो, मी दोन माणसांच्या जागेत आणि ती उरलेल्यात. मला वाटलं होतं, मी खोटा ठरलो नाही म्हणून तिला बरं वाटलं असेल. तसं काही दिसलं नाही.

"चुकून झालं," मी म्हटलं. "तिला तरी काय माहीत बिचारीला."

कस्तुरी म्हणाली, "त्यास्नी माहीत हुतं."

"कशावरून?"

"घरी चला."

घरी पोचलो तेव्हा दुपार झाली होती. गल्लीत दोन्ही बाजूंनी मागांचा खडखडाट चालला होता. तो आमच्याकडं रात्रंदिवस चालतो. अव्वा मागच्या दारातल्या दगडावर बसली होती. माझी आई, सत्तरी ओलांडलेली, अंगानं काटकुळी. मी कुणावर गेलो देव जाणे. जेवण झाल्यावरची मिसरी चालली होती, बोट अजून तोंडातच होतं.

कस्तुरीनं पिशवी खाली ठेवली आणि तिच्यासमोर उकिडवी बसली.

"आत्ती, ह्यांना मिसरी तुम्ही दिली?"

"दिली की. पोट फुगलंतं त्याचं."

"त्यात तंबाखू असती."

"मला सांगतीस व्हय? भाजतंय कोण?"

"बिडी सोडायची म्हणून डॉक्टरांनी सांगितलं, त्या दिवशी मी तुम्हाला ह्याच दारात सांगितलंतं. तंबाखूचा कणभर अंश अंगात नको, असला तर ऑपरेशन करणार न्हाईत. आठवतंय?"

अव्वानं चूळ भरली. सावकाश भरली, दोनदा भरली. तोंड पदरानं पुसलं.

"आठवतंय," ती म्हणाली.

"मग?"

"मग काय? ऐकलंतं म्हणूनच दिली."

मला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा दाराची चौकट धरून उभा राहिलो. माझी आई, जिनं मला रोज सकाळी डबीचं झाकण उघडून पुढं केलं, "लाव रं बाळा, मोकळं वाटंल" म्हणाली, ती काय करतेय हे तिला पुरतं ठाऊक होतं.

"अव्वा, माझ्या जिवाशी खेळलीस तू!"

"जीव राखला म्हण."

"श्वास थांबून मरायची पाळी आलीय माझ्यावर..."

"घोरतोस तू. तुझा बाप घोरत हुता. घोरून कोण मरत न्हाई." तिनं बोट वर केलं. ते मिसरीनं काळं झालं होतं. "दवाखान्यात मरत्यात. सिदू काय घोरत हुता?"

सिदू म्हणजे माझा धाकटा भाऊ, सिद्राम. आमच्या घरात त्याचं नाव कुणी काढत नसे. विशीतला होता. पोटात दुखतंय म्हणून नेला, आंत्रपुच्छ सुजलंय म्हणाले, साधं ऑपरेशन आहे म्हणाले. भूल दिली ती उतरलीच नाही. तेव्हापासून अव्वा कुठल्याच दवाखान्याची पायरी चढली नव्हती, स्वतःचा हात मोडला तेव्हासुद्धा. हाडं बसवणाऱ्याकडून बसवून घेतला होता.

"त्याला यायचं नव्हतं," ती म्हणाली. आता ती माझ्याशी बोलत नव्हती, कस्तुरीशी बोलत होती. "दारातनं मागं फिरलंतं लेकरू. मीच म्हटलं, जा की, भितोस काय बाईगत, डॉक्टर देवमाणूस हाय. मी म्हटलं म्हणून गेला. एकदा पाठवलाय गं मी. दुसरा न्हाई पाठवणार."

राग होता, फार होता. पण तो तिच्या त्या काळ्या बोटावर काढायचा कसा? कस्तुरी आता कडाडणार, डबी उचलून गटारात फेकणार, अशी माझी खात्री होती.

ती उठली. गुडघ्यावर हात देऊन, म्हातारीसारखी उठली.

"जेवून घ्या आधी," ती म्हणाली.

आम्ही जेवलो. माझ्या ताटात अर्धी भाकरी आणि पालेभाजी, डॉक्टरांनी ठरवून दिलेली. तारीख रद्द झाली तरी तिनं ती अर्धीच वाढली. जेवण झाल्यावर तिनं पुढच्या खोलीतल्या कॉटवर माझी उशी ठेवली.

"आज रजा हाय न्हवं? पडा जरा. आत्ती, तुम्ही ह्यांच्यापाशी बसा. मला कांड्या भरायच्यात."

"मी कशाला?" अव्वा म्हणाली.

"बसा म्हटलं की."

मला वाटलं, मायलेकांनी समोरासमोर बसून मिटवावं म्हणून हा खटाटोप. पण मला अव्वाशी बोलायचं नव्हतं. मी भिंतीकडं तोंड करून पडलो. अव्वा कॉटच्या कडेला टेकली आणि पलीकडं कस्तुरीचं चाक फिरायला लागलं. प्रवासानं अंग आंबलं होतं. कधी डोळा लागला कळलं नाही.

जाग आली ती कुणीतरी छातीवर दणके घालत होतं म्हणून. कानाशी कुणीतरी किंचाळत होतं.

"सिदू! सिदू, ऊठ रं! ए सिदू!"

मी डोळे उघडले. अव्वा कॉटवर चढून माझ्या अंगावर वाकली होती. तिचा पदर पडला होता, केस सुटले होते, आणि तोंडावर असली भीती मी जन्मात बघितली नव्हती. मी मोठ्यानं श्वास ओढला. तो आवाज ऐकून तिनं दोन्ही हातांनी माझं तोंड धरलं.

"शिवा हाय अव्वा, मी शिवा," मी म्हटलं.

"थांबलंतं," ती म्हणाली. "तुझं सगळं थांबलंतं. मी हाका मारल्या. तू येईनास. तोंड निळं पडलं रं तुझं."

चाक बंद झालं होतं. कस्तुरी हातात कांडी घेऊन उभी होती. ती घाबरली नव्हती, धावतही आली नव्हती. रोजचंच काहीतरी बघावं तशी बघत होती.

अव्वानं तिच्याकडं मान वळवली. "कवापास्नं हाय हे?"

"चार वर्सं झाली असतील."

"रोज?"

"रोज."

"मागाच्या आवाजात मला आतल्या खोलीत काय ऐकू येत न्हाई गं," अव्वा म्हणाली. मग तिनं विचारलं, "तू काय करतीस मग?"

"हलवते. न्हाई हललं तर कुशीवर वळवते. श्वास आला की सोडते. परत थांबला की परत वळवते."

"एवढ्या देहाला? एकटी?"

कस्तुरी नुसती हसल्यासारखी झाली.

"रातभर?"

तिनं मान खाली घातली. अव्वा तिच्याकडं बघत राहिली. त्या बघण्यात काहीतरी बदलत गेलं. सुनेला ती पहिल्यांदाच बघत असावी तसं.

"मग तू निजतीस कवा?"

कस्तुरीनं उत्तर द्यायला तोंड उघडलं. "निजते की. मधनं मधनं, जरा..." एवढं म्हणाली, आणि पुढचे शब्द आलेच नाहीत. ती खाली बसली, सुताच्या ढिगात, कांडी हातात तशीच, आणि रडायला लागली. तिचे वडील गेले तेव्हाही ती असं रडली नव्हती. मी कॉटवर बसून होतो. एवढा मोठा माणूस, पण तिच्याजवळ कसं जावं हे मला कळेना. मला तिची लाज वाटली नाही, माझी वाटली.

अव्वा उतरली. तिनं कस्तुरीच्या हातातली कांडी काढून घेतली. माझी उशी ओढून खाली जमिनीवर टाकली.

"पड."

"आत्ती, कांड्या द्यायच्यात सांजंला..."

"मरू देत कांड्या. पड म्हटलं न्हवं? मी हाय ह्याच्यापाशी."

कस्तुरी आडवी झाली. पाय पोटाशी घेऊन, तोंडावर पदर ओढून. बघता बघता तिचा श्वास लांब झाला. अव्वानं चाकावरचं सूत गुंडाळून बाजूला ठेवलं आणि माझ्याशेजारी येऊन बसली.

"परत कवा बोलवलंय डॉक्टरनं?" तिनं हळूच विचारलं.

"दोन महिन्यांनी. तोवर बिडी नको, मिसरी नको."

"घरात मिसरीचा तवा चढणार न्हाई मग," ती म्हणाली. "आणि तू जाशील तवा मी येणार. आत येणार न्हाई. पायरीवर बसंन."

ती आली आणि पायरीवरच बसली. ऑपरेशन त्याच वर्षी पौषात झालं. मी आज हे सांगतोय, त्याअर्थी शिवण टिकली.

पण त्या दुपारी पौष फार लांब होता. पोटात अन्न, अंगात शीण, डोळे मिटायला लागलेले. बिडीची अशी तल्लफ आली की जीभ कोरडी पडली. अव्वानं मला कोपरानं ढोसलं.

"निजायचं न्हाई आता. तू निजलास की तुझ्या आवाजानं ती उठंल."

"बरं."

"डोळे मिटायला लागलास."

"काय करू मग?"

"बोल कायतरी माझ्याशी. हळू बोल."

मग मी तिला विचारलं, सिदूला लहानपणी पोहायला कुणी शिकवलं, पंचगंगेत. ती म्हणाली, तूच की, इसरलास? आणि मग ती सांगत गेली, मी ऐकत गेलो, डोळे ताणून, जागा राहून. कस्तुरी दिवेलागणीपर्यंत उठली नाही.